शुगरबीटच्या पानांवरचे सर्कोस्पोरा ठिपके: वाण, फवारणी आणि नेहमी पडणारे प्रश्न

अमेरिकेत नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा या राज्यांच्या सीमेवरून रेड नदी उत्तरेकडे वाहते. तिचं सपाट, काळ्या मातीचं खोरं हा त्या देशातला शुगरबीटचा, म्हणजे साखरेसाठी लावल्या जाणाऱ्या बीटचा, सर्वात मोठा पट्टा आहे. इथल्या पिकाला पानांवरचा एकच रोग खऱ्या अर्थाने जेरीस आणतो, तो म्हणजे सर्कोस्पोरा. खालची बहुतेक माहिती या खोऱ्यातली आहे. मिशिगन आणि युरोपमधले अनुभव गरज पडेल तिथे जोडले आहेत. परदेशात शेतीत काम करणारे मराठी लोक, कृषीचे विद्यार्थी आणि आपल्याकडे बीट लावून पाहू इच्छिणारे शेतकरी यांच्याकडून हे प्रश्न वारंवार येतात.

हा रोग नेमका कशामुळे होतो?

सर्कोस्पोरा बेटिकोला या बुरशीमुळे. तिचे बीजाणू वाऱ्याने आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनी पानावर पोचतात, ओल मिळाली की रुजतात आणि पानावरच्या पर्णरंध्रांतून आत शिरतात. आत गेल्यावर बुरशी सर्कोस्पोरिन नावाचं विष तयार करते. सूर्यप्रकाश पडला की हे विष जागं होतं आणि आजूबाजूच्या पेशी मारतं. मेलेल्या पेशींचा तो पुंजका म्हणजे आपल्याला दिसणारा ठिपका.

बीजाणू पडल्यापासून ठिपका दिसेपर्यंत आठवडा-दीड आठवडा सहज जातो, थंडी असेल तर जास्तच. ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण फवारणीचं सगळं गणित यावर उभं आहे. आज दिसणारा ठिपका गेल्या आठवड्यातला किंवा त्याच्याही आधीचा असतो. आज झालेली लागण अजून दिसतच नाही.

ठिपका सर्कोस्पोराचाच आहे हे शेतात कसं ओळखायचं?

दहापट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग घ्या आणि खालच्या, जुन्या पानांपासून सुरुवात करा. सर्कोस्पोराचा ठिपका गोल असतो, साधारण ३ ते ५ मिलिमीटरचा. मधला भाग राखाडी किंवा फिकट तपकिरी, कडा लालसर तपकिरी ते जांभळी. भिंगातून पाहिलं की राखाडी भागात मिरीची पूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे कण दिसतात. बीजाणू तिथेच तयार होतात. सकाळी दव असताना पाहिलं तर त्या कणांवर चंदेरी-करडी लव उभी दिसते. काळे कण दिसले की शंका राहत नाही.

गोंधळ सर्वात जास्त होतो तो जिवाणूजन्य ठिपक्यांशी. जून महिन्यात गारपीट किंवा जोराचा पाऊस होऊन गेला की आठवड्याभरात पानांवर वेडेवाकडे तपकिरी डाग उमटतात आणि लोक घाबरून फवारणी करतात. त्या डागांत काळे कण नसतात, आकार एकसारखा नसतो आणि ऊन पडू लागलं की त्यांची वाढ आपोआप थांबते. जिवाणूवर बुरशीनाशक चालतच नाही, त्यामुळे ती फवारणी पूर्ण वाया जाते.

दुसऱ्या बुरशींचेही डाग येतात. अल्टरनेरियाचे डाग मोठे आणि गडद असतात, बहुधा पिवळ्या पडलेल्या म्हाताऱ्या पानांवर येतात. फोमाच्या डागात एकात एक वर्तुळं दिसतात. राम्युलेरिया थंड हवेचा रोग, त्याचे ठिपके जरा मोठे आणि कण पांढरे. भुरी आणि तांबेरा आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिकवायला नको.

भुईमुगाचा टिक्का आणि हा रोग एकच का? एकाचा दुसऱ्यावर जातो का?

टिक्का रोगाची बुरशी याच कुळातली, पण प्रजात वेगळी. भुईमुगावरून बीटवर किंवा बीटवरून भुईमुगावर हा रोग जात नाही.

पानं तर पुन्हा फुटतात, मग नुकसान कसलं?

पुन्हा फुटतात, आणि नुकसान तिथेच होतं. शुगरबीटमध्ये साखर जमिनीखालच्या कंदात साठते. ऑगस्टमध्ये जुनी पानं जळाली की झाड नवी पानं काढतं आणि त्यासाठी कंदातली साखर खर्च करतं. ज्या दिवसांत साखर भरायची, त्याच दिवसांत ती उपसली जाते. वजन घटतं, उतारा घटतो. त्याशिवाय कंदात सोडियम, पोटॅशियम आणि नत्रयुक्त अशुद्धी वाढतात. त्या कारखान्यात साखरेचे दाणे बनू देत नाहीत, म्हणून जेवढी साखर कंदात आहे तेवढीही हाती येत नाही. रोग बळावला आणि दुर्लक्ष झालं तर मिळणाऱ्या साखरेत ४० टक्क्यांपर्यंत घट येते.

नुकसान शेतातच संपत नाही. रेड नदीच्या खोऱ्यात मुख्य काढणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते आणि लाखो टन कंद उघड्यावर ढिगात रचून ठेवतात. कारखाना तो ढीग पुढचे कित्येक महिने गाळत राहतो. रोगट शेतातले कंद ढिगात जास्त श्वसन करतात, तापतात, लवकर सडतात. इथले बहुतेक कारखाने शेतकऱ्यांच्या मालकीचे आहेत. मूरहेडच्या अमेरिकन क्रिस्टल शुगर कंपनीची मालकी १९७३ मध्ये शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर घेतली. त्यामुळे एकाच्या शेतातला रोगट माल सगळ्या सभासदांच्या ढिगात जातो आणि तोटा वाटून घ्यावा लागतो. सहकारी कारखान्याच्या गावात वाढलेल्या माणसाला हे लगेच कळेल.

पहिला बीजाणू येतो कुठून?

मुख्यतः गेल्या वर्षीच्या बीटच्या वाळलेल्या पानांतून. शेतात उरलेल्या पाल्यावर बुरशी दोन वर्षांच्या आसपास जिवंत राहते. पाला मातीत गाडला तर ती मुदत बरीच कमी होते. म्हणून तीन वर्षांची फेरपालट ही किमान अट आहे: बीटनंतर गहू, सोयाबीन, मका असं काही घेऊन मगच पुन्हा बीट. यंदाचं शेत गेल्या वर्षीच्या बीटच्या शेतापासून निदान १०० मीटर लांब असावं. हे पाळणं प्रत्येकाला जमत नाही, कारण शेजाऱ्याचा बेवड आपल्या हातात नसतो. पण बांधाच्या कोणत्या बाजूला गेल्या वर्षी बीट होतं एवढं टिपून ठेवलं तरी रोग कुठल्या कडेने आत येणार ते कळतं. पाहणीची सुरुवात त्या कडेपासून करावी.

तणांकडेही लक्ष हवं. चाकवत आणि राजगिऱ्याच्या जातीची तणं या बुरशीला आसरा देतात. रेड नदीच्या खोऱ्यात आणि मिशिगनमध्ये तणनाशकाला न जुमानणारा राजगिरावर्गीय तणांचा प्रकार वाढला आहे, तेव्हा तण काढणं हा रोगनियंत्रणाचाही भाग झाला आहे.

कोणत्या हवेत धोका वाढतो?

दिवसा २७ ते ३२ अंश सेल्सिअस, रात्री १६ अंशांच्या वर, आणि पानं बराच वेळ ओली. पाऊसच हवा असं नाही. बीटच्या ओळी एकमेकींना भिडल्या की पानांखाली दमट हवा कोंडते आणि दव सकाळी उशिरापर्यंत टिकतं. थंड रात्री सुरू झाल्या की रोग मंदावतो.

हे अंदाजावर सोडायची गरज नाही. मिनेसोटात १९८० च्या दशकात शेन आणि टेंग यांनी रोजच्या लागणीचं मूल्य काढायची पद्धत बसवली. दिवसातले किती तास हवा दमट होती आणि त्या तासांत सरासरी तापमान किती होतं, यावरून ० ते ७ असा आकडा मिळतो. लागोपाठ दोन दिवसांची बेरीज ७ किंवा जास्त आली तर लागणीला हवा पोषक, ६ म्हणजे काठावर, त्याखाली धोका कमी. नॉर्थ डकोटाच्या कृषी हवामान केंद्रांच्या जाळ्यावर हे आकडे हंगामात रोज मिळतात. मिशिगनमध्ये यासाठी बीटकास्ट नावाची वेगळी पद्धत आहे. टोमॅटोच्या रोगांसाठी बनवलेल्या अंदाजपद्धतीवरून ती घेतली आहे.

आकडा पाहून शेतात जायचं, पण आकड्यावर भरवसा ठेवून घरी बसायचं नाही. हवामान केंद्र दहा किलोमीटरवर असतं, आणि झाडांच्या रांगेलगतच्या सखल कोपऱ्यात दव त्याच्यापेक्षा दोन तास जास्त टिकतं.

प्रतिकारक वाण लावला म्हणजे ठिपका येणारच नाही?

येतो, पण कमी येतो, उशिरा येतो आणि त्यावर बीजाणू कमी बनतात. प्रतिकारक वाणाचं खरं काम हे तिसरं आहे. ही बुरशी एका हंगामात अनेक पिढ्या करते. प्रत्येक पिढीत बीजाणू निम्मे झाले तरी ऑगस्टअखेर फरक प्रचंड होतो.

जुन्या सहनशील वाणांतला गुण एका जनुकाचा नव्हता, चार-पाच जनुकांचा मिळून होता. असे गुण टिकाऊ असतात, कारण बुरशीला एका उडीत ते ओलांडता येत नाहीत. अडचण वेगळीच होती. ते गुण एकत्र आणताना उत्पादन आणि उतारा मागे पडायचा. मग शेतकरी नाइलाजाने जास्त उतारा देणारा, पण रोगाला बळी पडणारा वाण लावायचा आणि रोगाचा भार फवारणीवर टाकायचा. पुढे जे घडलं त्याचं मूळ मला या निवडीत दिसतं.

ही प्रतिकारशक्ती मुळात आली कुठून?

समुद्रकाठच्या रानटी बीटमधून. इटलीत रोव्हिगो इथल्या बीट संशोधन केंद्रात ओत्ताव्हियो मुनेराती यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पो नदीच्या मुखाजवळ वाढणारं समुद्री बीट शुगरबीटशी संकरित केलं. त्या भागातली हवा उष्ण आणि दमट, म्हणजे सर्कोस्पोराला हवी तशीच, आणि तरी हे रानटी बीट तग धरून होतं. संकरातून आलेली पहिली झाडं साखरेच्या दृष्टीने निकामी होती: फाटे फुटलेली मुळं, लवकर येणारे फुलांचे दांडे, धागेदार गर. मुनेराती यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत ते दोष काढले. ते बियाणं पुढे अमेरिकेतही गेलं, आणि आज जगभरच्या सहनशील वाणांत त्याचा अंश आहे.

‘सीआर प्लस’ वाण काय आहेत? ते लावले तर फवारणी बंद करू का?

केडब्ल्यूएस या जर्मन बियाणे कंपनीने आणलेली ही वाणांची नवी पिढी. अमेरिकेत २०२१ च्या हंगामापासून ती व्यापारी लागवडीत आली. या वाणांत प्रतिकाराची पातळी जुन्यांपेक्षा बरीच वरची आहे, आणि त्यासाठी उत्पादनाची पूर्वीसारखी मोठी किंमत मोजावी लागत नाही. रोगाने बेजार झालेल्या दक्षिण मिनेसोटातल्या शेतकऱ्यांना हा मोठा दिलासा होता.

पण फवारणी बंद करू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतो. या वाणांतला वाढीव प्रतिकार मुख्यतः एका मोठ्या परिणामाच्या जनुकावर उभा आहे, आणि असा प्रतिकार बुरशी एका बदलानेही मोडू शकते. शेतात फवारणी नसेल तर त्या वाणावर जगू शकणारा एखादा प्रकार बिनधोक वाढतो आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या शेतात जातो. रोगाला बळी पडणाऱ्या वाणावर वाईट हंगामात पाच-सहा फवारण्या लागतात. सीआर प्लसवर दोन-तीन नीट वेळेवर केल्या तरी सहसा पुरतं. वाचलेल्या फवारण्यांचे पैसे खिशात टाका. उरलेल्या दोन-तीन मात्र त्या जनुकाच्या राखणीसाठी करायच्याच.

वाणांच्या यादीतले गुण कसे वाचायचे?

अमेरिकेतल्या सहकारी कारखान्यांत सभासदाला मान्य यादीतलेच वाण लावता येतात. यादीत सर्कोस्पोराचा गुण साधारण १ ते ९ असा असतो, आणि लहान आकडा म्हणजे चांगला वाण. नवखे लोक इथे हमखास फसतात, कारण शेजारच्याच रकान्यात उताऱ्याचा आकडा जितका मोठा तितका चांगला असतो.

हे गुण कसे मिळतात ते समजलं की त्यांच्यावरचा विश्वास वाढतो. मिनेसोटातल्या फॉक्सहोम गावाजवळच्या चाचणी शेतात गेल्या वर्षीची रोगट पानं वाळवून, दळून, शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळून मुद्दाम पिकावर धुरळतात. म्हणजे रोग नशिबावर सोडत नाहीत. मग आठवड्या-आठवड्याने ठिपके मोजतात. एका वर्षाचा गुण पाहू नका, दोन-तीन वर्षांची सरासरी पाहा.

सर्कोस्पोराचा गुण पाहताना मुळांचे रोग विसरू नका. ज्या शेतात ॲफॅनोमायसिस मूळकुज किंवा रायझोमॅनिया आहे तिथे त्यांचा प्रतिकार आधी बघायचा. पानं हिरवीगार आणि कंद सडलेला, असं पीक कारखान्यात काही आणत नाही.

कोणती बुरशीनाशकं वापरतात?

नावांपेक्षा गट, म्हणजे औषध बुरशीवर कसा घाव घालतं, ते लक्षात ठेवा, कारण बुरशीला नाव कळत नाही, गट कळतो. आपल्या द्राक्ष बागायतदारांना केवडा आणि भुरीमुळे गट बदलून फवारायची सवय आहे. तीच शिस्त इथे लागते.

ट्रायझोल गटात डायफेनोकोनॅझोल, प्रोथायोकोनॅझोल, टेट्राकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही औषधं येतात. ही आंतरप्रवाही, पानात शिरून काम करतात. लागण नुकतीच झाली असेल तर ती काही प्रमाणात रोखतात, पण उघडा ठिपका बरा करत नाहीत. यांच्याविरुद्धचा प्रतिकार बुरशीत हळूहळू चढतो: आधी दहा दिवस टिकणारा परिणाम आठ दिवसांवर येतो, मग सहावर. त्यामुळे शेतकऱ्याला तो उशिरा कळतो.

टिन, म्हणजे ट्रायफेनिल टिन हायड्रॉक्साइड, अमेरिकेत पूर्वीपासून वापरात आहे. युरोपीय संघाने ते २००२ मध्येच बंद केलं. ते विषारी आहे, डोळ्यांना गंभीर इजा करतं आणि परवानाधारकालाच हाताळता येतं. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे यांत सूट नाही.

मॅन्कोझेब आणि ताम्रयुक्त औषधं स्पर्शजन्य आहेत. पानाच्या वर बसून बीजाणू रुजू देत नाहीत. एकटी वापरली तर कमजोर, पण जोडीदार म्हणून फार मोलाची. बुरशीच्या अनेक प्रक्रियांवर ती एकदम घाव घालतात, त्यामुळे इतक्या वर्षांच्या वापरानंतरही त्यांच्याविरुद्ध प्रतिकार सहसा उभा राहत नाही.

थायोफनेट मिथाइल हा कार्बेन्डाझिमच्या कुळातला गट. याच्याविरुद्धचा प्रतिकार फार जुना आहे. ग्रीसमध्ये याच गटातलं बेनोमिल १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सर्कोस्पोरावर निकामी ठरलं होतं. आता थायोफनेट मिथाइल वापरायचं तर केवळ मिश्रणात.

स्ट्रोबिल्युरिन गटाचं काय झालं? २०१६ चं नाव सगळे का काढतात?

ॲझॉक्सिस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन या गटातली औषधं सुरुवातीला अप्रतिम चालली. पानं हिरवी राहत, उतारा वाढे, म्हणून लोक ती भरपूर वापरू लागले. मिशिगनमध्ये २०११ च्या सुमारास न जुमानणारी बुरशी सापडली. रेड नदीच्या खोऱ्यात आणि दक्षिण मिनेसोटात २०१६ मध्ये ओला, उबदार उन्हाळा आला आणि तिथेही तीच बुरशी सगळीकडे पसरल्याचं उघड झालं. फवारणी करूनही शेतं करपली.

या बुरशीत एकच बदल झाला होता. औषध ज्या प्रथिनाला चिकटतं, त्याच्या १४३ व्या जागेवरचं ग्लायसिन जाऊन तिथे ॲलॅनिन आलं. तेवढ्याने औषध पूर्ण निरुपयोगी. मात्रा दुप्पट करा, चौपट करा, फरक पडत नाही. ट्रायझोलचा प्रतिकार पायरी-पायरीने वाढतो, हा मात्र एका दिवशी नसतो आणि दुसऱ्या दिवशी शंभर टक्के असतो. तेव्हापासून या भागात सर्कोस्पोरासाठी एकटं स्ट्रोबिल्युरिन कोणी सुचवत नाही. याच गटातली औषधं रायझोक्टोनिया मूळकुजीसाठी हंगामाच्या सुरुवातीला अजून वापरतात. त्या फवारणीने सर्कोस्पोराचंही काम झालं असं समजू नका.

पहिली फवारणी कधी?

माझं मत स्पष्ट आहे: ओळी भिडत असताना, म्हणजे इथे साधारण जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात. रोगाचा इतिहास असलेल्या भागात आणि कमजोर वाणावर ठिपका दिसायची वाट पाहू नका. पूर्वी पहिला ठिपका दिसल्यावर फवारायचे, आणि औषधं पूर्ण जोमात असताना ते चालून जायचं. आज हाताशी असलेली औषधं मुख्यतः आधी संरक्षण देणारी आहेत. रोग आत शिरल्यावर त्यांना फार काही करता येत नाही.

सीआर प्लस वाणावर मात्र पहिला ठिपका आणि हवामानाचा आकडा या दोन्हींची सांगड घालून थोडं थांबता येतं.

पुढच्या फवारण्या १० ते १४ दिवसांनी, हवा पोषक असेल तर दहाव्या-बाराव्या दिवशीच. प्रत्येक वेळी टाकीत दोन वेगळ्या गटांची औषधं, दोन्ही पूर्ण मात्रेत. उदाहरणार्थ, टिन आणि ट्रायझोल, मग मॅन्कोझेब आणि ताम्र, मग पुन्हा वेगळा ट्रायझोल मॅन्कोझेबसोबत. मिश्रण आहे म्हणून दोन्हींची अर्धी-अर्धी मात्रा घालणं ही सर्वात महागात पडणारी काटकसर आहे. अर्ध्या मात्रेत बुरशीचे अर्धवट सहन करणारे प्रकार वाचतात आणि तेच पुढच्या पिढीत भरतात.

नुकसानीची पातळी कशी ठरवायची?

अमेरिकेत ठिपक्यांची १ ते १० अशी मोजपट्टी वापरतात. १ म्हणजे पानावर एक ते पाच ठिपके. ६ म्हणजे पानाचा सुमारे ३ टक्के भाग व्यापलेला, आणि तिथून पैशाचं नुकसान सुरू होतं. १० म्हणजे निम्मं पान गेलेलं. ही मोजपट्टी मुद्दाम खालच्या टोकाला बारीक केली आहे, कारण निर्णय घ्यायची वेळ तिथेच असते. ३ टक्के डोळ्याला किरकोळ वाटतात. तिथून २५ टक्क्यांवर जायला एक ओला आठवडा पुरतो.

एकरी पाणी किती?

ट्रॅक्टरच्या बुमस्प्रेअरने एकरी ६० ते ७५ लिटर. पाठीवरच्या पंपाने एकरी २०० लिटर फवारणाऱ्याला हे कमी वाटेल, पण नोझल आणि दाब वेगळे असतात. औषध खालच्या पानांपर्यंत पोचणं महत्त्वाचं, कारण रोग तिथून वर चढतो. विमानाने फवारताना पाणी फार कमी लागतं आणि आच्छादनही कमी मिळतं. शेत चिखलात असेल तेव्हा मात्र विमानाशिवाय इलाज नसतो, आणि वेळेवर झालेली विमानाची फवारणी चार दिवस उशिरा झालेल्या ट्रॅक्टरच्या फवारणीपेक्षा चांगलीच.

पाऊस आला तर? आंतरप्रवाही औषध वाळून पानात शिरलं असेल तर बरंचसं टिकतं. मॅन्कोझेब आणि ताम्र जोराच्या पावसात धुऊन जातात. अशा वेळी पुढची फवारणी आधी घ्या.

तुषार सिंचन असेल तर काय बदलावं?

नेब्रास्का, कोलोरॅडोकडे हा प्रश्न येतो. पाणी अशा वेळी द्या की ते पानं आधीच दवाने ओली असतानाच्या वेळेत बसेल आणि पानं ओली राहण्याचा काळ लांबणार नाही. संध्याकाळी उशिरा दिलेलं पाणी पानं रात्रभर आणि सकाळपर्यंत ओली ठेवतं. ते टाळा. रोज थोडं देण्यापेक्षा काही दिवसांनी भरपूर द्या.

युरोपमध्ये इतका भर वाणांवर का आहे?

कारण औषधांचं कपाट रिकामं होत चाललं आहे. क्लोरोथॅलोनिल, इपॉक्सिकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल आणि मॅन्कोझेब ही सगळी युरोपीय संघात गेल्या काही वर्षांत बंद झाली. उरलेल्या ट्रायझोलवर भार पडला आणि त्यांचा परिणाम घटतो आहे. दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया, उत्तर इटली इथे सर्कोस्पोरा पूर्वीपासूनच उग्र. तिथला शेतकरी आज बियाण्याची पिशवी निवडतानाच रोगाचा अर्धा निर्णय घेतो.

सेंद्रिय पद्धतीत काय करता येईल?

सर्वात प्रतिकारक वाण, चार वर्षांची फेरपालट, पाला गाडणं आणि ताम्र. बॅसिलस जिवाणूवर आधारलेली जैविक औषधं रोगाचा जोर कमी असताना मदत करतात, साथ आल्यावर त्यांच्यावर विसंबता येत नाही.

महाराष्ट्रात शुगरबीट होतं का, आणि तिथे हा रोग येतो का?

उष्ण हवेत वाढणारं शुगरबीट महाराष्ट्रात आणून पाहिलं आहे. सिंजेंटा कंपनीने २००७ च्या सुमारास असे वाण भारतात आणले, पुणे आणि जालना भागात लागवडी झाल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरायचं आणि उन्हाळ्यात, उसाचा गाळप हंगाम संपत आला की काढायचं, अशी कल्पना होती. पाणी उसापेक्षा बरंच कमी लागतं. तरी उसासारखं ते रुजलं नाही.

आपल्याकडच्या हवेत पानांच्या ठिपक्यांपेक्षा जमिनीतल्या स्क्लेरोशियम मूळकुजीचा धोका मोठा, कारण काढणीच्या वेळी जमीन तापलेली असते. म्हणून कोणी नव्याने प्रयोग करणार असेल तर निचरा आणि मूळकुज आधी बघा. सर्कोस्पोरा लांबलेल्या पावसात किंवा ढगाळ, उबदार हिवाळ्यात डोकं वर काढतो.

आमच्या कोशिंबिरीच्या बीटवर असेच ठिपके आहेत. तेच का?

बहुधा तेच. कोशिंबिरीचं बीट आणि शुगरबीट ही एकाच वनस्पतीची दोन रूपं आहेत, आणि ही बुरशी दोन्हींवर येते. पालकावरही येते. घरापुरत्या वाफ्यात ठिपक्यांची जुनी पानं खुडून वाफ्याबाहेर टाका, पाणी पानांवर न देता बुंध्याशी द्या, आणि त्याच वाफ्यात लागोपाठ बीट-पालक घेऊ नका. बाजारासाठी लावत असाल तर औषधाच्या लेबलवर बीट हे पीक लिहिलेलं आहे ना ते पाहा. जे पान खायचं आहे त्यावर शुगरबीटसाठीचं औषध मारू नका.

काढणीनंतर पाला जनावरांना घालता येईल का?

फवारणी झाली नसेल तर थोडा थोडा, वाळवून, दुसऱ्या चाऱ्यासोबत. बीटच्या पाल्यात ऑक्झॅलेट असतं, त्यामुळे एकदम जास्त ताजा पाला जनावराला सोसत नाही. फवारणी केलेल्या शेताचा पाला घालण्याआधी प्रत्येक औषधाचं लेबल वाचा. टिन फवारलेला पाला जनावरांना घालायचा नाही, त्या शेतात चरायलाही सोडायचं नाही. तो पाला लगेच नांगरून गाडा.